पाण्यावर बोट

मी टॅबवर सगळ्यात आधी तांब्या काढला. लेकीने पुण्याहून व्हिडिओ कॉलवर तो बघितला आणि म्हणाली, “छान जमलंय गं आई. भोपळा ना?”

मी टॅब रागाने पालथा घातला आणि लगेच घाबरून सरळ केला. काच फुटली तर तिला काय तोंड दाखवायचं? टॅब तिचा होता. ती जाहिरातींची चित्रं काढायचं काम करते. तिला नवा मिळाला म्हणून जुना तिने पेनासकट माझ्याकडे पाठवून दिला. पाथर्डीच्या स्टँडवर ते पार्सल उतरवून घेताना मला वाटलं होतं, ही पाटी-पेन्सिलच तर आहे, आयुष्यभर आपण दुसरं केलं काय? मी प्राथमिक शाळेत बाई होते. चित्रकलेच्या तासाला फळ्यावर दोन डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, खाली भरून वाहणारी नदी आणि काठावर नारळाचं झाड काढून द्यायचे. आमच्याकडे भरलेली नदी आणि नारळ कुठून आले, हे एकाही पोराने मला कधी विचारलं नाही. त्यामुळे आपल्याला चित्र येतं हा माझा समज निवृत्त होईपर्यंत टिकला. तो त्या भोपळ्याने मोडला.

हौस म्हणून मी शिकत असते तर तिथेच सोडून दिलं असतं. पण हे सगळं यांच्यासाठी चाललं होतं.

हे म्हणजे माझे मालक. एसटीचे ड्रायव्हर होते. बोलणं मोजकं, पण आवाज असा की घाटात हॉर्न बंद पडला तरी अडलं नसतं. ड्युटीवरून आले की फाटकाची कडी काढायच्या आधी रस्त्यावरूनच ओरडायचे, “पाणी!” शेजारणी हसायच्या. म्हणायच्या, “चला बाई, तुमची गाडी लागली.” मी कणकेच्या हाताने तांब्या घेऊन बाहेर यायचे आणि मनातल्या मनात म्हणायचे, माठ काय कोसावर आहे? पण त्या आवाजाची सवय झाली होती. निवृत्त झाल्यावरसुद्धा बाजारातून परत आले की फाटकाशी तेच.

गेल्या वर्षी होळी झाल्यावर एका सकाळी हे ओट्यावर बसून चहा पीत होते. कप हातातून सुटला. कप फुटला म्हणून मी ओरडले, आणि वर बघितलं तर तोंड एका बाजूला गेलेलं. नगरला नेलं. जीव वाचला, पाय काठीच्या आधाराने हळूहळू चालू लागला. उजवा हात आणि वाचा मात्र गेली. शब्द एकच उरला, “आता”. भूक लागली की “आता”. पाठ खाजली की “आता”. टीव्हीवर कुस्ती लागली की “आता, आता, आता”. त्यांना कळत सगळं होतं. डोक्यात शब्द असायचा, पण ओठांपर्यंत येईतो त्याचा “आता” व्हायचा.

मग आमचा खेळ चालायचा. मी विचारायचे, ते मानेने सांगायचे. भाकरी हवी? नाही. चहा? नाही. पडायचंय? नाही. उन्हातून सावलीत बसायचंय? पंखा? डॉक्टरांना फोन लावू? नाही, नाही, नाही. शेवटी हे डाव्या हाताने स्वतःचं कपाळ बडवून घ्यायचे आणि मी आत जाऊन स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहून रडायचे. वर्गात मुकी पोरंही मी शिकवली होती आणि त्यांचं मला कळायचं. घरच्या माणसाचं मात्र काही कळेना. त्यांना काय हवंय ते मला कळावं आणि त्यांनी मला पूर्वीसारखी हाक मारावी, एवढंच मी मागत होते. त्यापलीकडे काही नको होतं.

नगरला बोलणं शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांच्याकडे आम्ही जायला लागलो. त्या म्हणाल्या, वाचा येईल किंवा येणार नाही, तोवर चित्रांवर बोट ठेवून सांगू द्या. त्यांनी एक छापील तक्ता दिला. त्यावर पावाचे दोन तुकडे होते, नळी घातलेला काचेचा ग्लास होता, जाड गादीचा पलंग होता, आणि बसायचं पांढरंशुभ्र कमोड. कोपऱ्यात केस मोकळे सोडलेली एक हसरी बाई होती. ती म्हणे बायको. यांनी तक्ता डोळ्यांसमोर धरला, एकेक चित्र निरखून बघितलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना परक्याच्या घरी आणून बसवलं होतं. मग तक्ता उपडा करून मांडीवर ठेवला.

मी बाईंना म्हटलं, “आमच्याकडे पाव फक्त आजारी माणसाला देतात.”

“आजारीच आहेत ना?” त्या हसून म्हणाल्या. मग त्यांनाही वाईट वाटलं. “तुमच्या घरातल्या वस्तू दाखवा त्यांना. त्याच ओळखतील.”

मी आधी मोबाईलवर फोटो काढले. भाकरीचा, तांब्याचा, बाजेचा. पण फोटोत नको ते फार येतं. तांब्याच्या फोटोत मागची भिंत आली होती आणि तिचा गिलावा पडलेला. हे तांब्या सोडून त्या गिलाव्यावर बोट आपटायला लागले, “आता! आता!” भिंतीचं काम दिवाळीपासून राहिलं होतं, आणि त्यावरून दुपारभर आमचं भांडण झालं. त्या भांडणात त्यांच्याकडे एक शब्द आणि माझ्याकडे सगळी मराठी भाषा, तरी जिंकले तेच. मग कागद-पेन्सिल घेतली. खोडून खोडून कागद फाटला. तेव्हा लेक म्हणाली, “आई, टॅबवर शिक. तिथे कितीही खोड, काही फाटत नाही.”

फाटत नाही हे खरं. पण माणसाचं डोकं फाटायची वेळ येते, ते तिने सांगितलं नव्हतं.

खडूला फळा धरून ठेवतो. पेनाला काच धरत नाही. मी रेघ सरळ म्हणून सोडायचे आणि ती तिसरीकडेच जाऊन थांबायची. हात टेकवल्याशिवाय मला काढता येत नाही, आणि तळवा टेकला की टॅबला वाटायचं तळवाही चित्रच काढतोय. भाकरीच्या खाली आडवेतिडवे फराटे उमटायचे. लेकीने कुठलं तरी बटण शोधून ते बंद करायला सांगितलं. ते शोधताना मी भाकरीच घालवून बसले. दोन बोटं एकदम टेकली की झालेली चूक मागे जाते, हे तिने शिकवलं आणि म्हणाली, “आयुष्यात असं असतं तर किती बरं झालं असतं ना आई?” मी म्हटलं, “तू तुझं शिकव. आयुष्याचं मी बघते.”

रंग भरायला शिकले तेव्हा तर कहर झाला. वस्तूची कडा काढायची, मग आत पेन टेकवायचं, की रंग आपोआप भरतो. पण कडेला केसाएवढी फट राहिली तरी रंग तिथून बाहेर पडतो. मी तांब्यात पितळी रंग ओतला आणि सगळं पानच पिवळं झालं. वाफ्याचं तोंड नीट बांधलं नाही की पाटाचं सगळं पाणी शेजारच्या रानात जातं, तसं. फट कुठे राहिली ते शोधायला मी चष्म्यावर भिंग धरून बसायचे. हे बाजेवरून माझ्याकडे बघत असायचे. त्यांना वाटत असणार, ही बाई दिवसभर त्या काचेत काय निवडतेय?

तरी आठवड्यांमागून आठवडे घालवून मी पाच-सहा चित्रं उभी केली. भाकरी, चहाचा कप, बाज, पंखा. संडास कसा काढायचा हा मोठा प्रश्न होता. आमचा संडास परसात आहे, आणि तो चारी बाजूंनी नुसती भिंत आहे. भिंतीचं चित्र काढलं तर पुन्हा गिलाव्यावरून भांडण झालं असतं. मग मी टमरेल काढलं. आमच्याकडे माणूस हातात टमरेल घेऊन परसाकडे निघाला की दुसरा त्याला थांबवून बोलत नाही, इतकी ती खूण पक्की आहे. निळं प्लॅस्टिकचं, कानाशी चिरलेलं, आमचं होतं तसंच. ते बघून हे हसले. झटका आल्यापासून पहिल्यांदा, तोंडाच्या एका बाजूने का होईना, पण हसले. त्या दिवशी मी लेकीला फोन करून सांगितलं की मला आता चित्र येतं.

शेवटी तांब्या. तो मी इतक्या वेळा काढला की कल्हईवाल्याने पाहिला असता तर कौतुक केलं असतं. गळा अरुंद, पोट गोल, काठ बाहेर वळलेला. भोपळा म्हणायची आता कुणाची हिंमत नव्हती.

टॅबच त्यांच्यापुढे धरला आणि म्हटलं, “काय हवं त्यावर बोट ठेवा.” त्यांनी भाकरीवर बोट टेकवलं. बोटाखाली काळी रेघ उमटली. त्यांनी घाबरून बोट ओढून घेतलं, तर ती रेघ भाकरीतून निघून थेट पंख्यापर्यंत गेली. त्यांना वाटलं आपण माझी एवढी मेहनत मोडली. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. पॅसेंजर भरलेली गाडी घाटातून उतरवणारा माणूस एका रेघेला असा घाबरला, ते मला बघवलं नाही. मी दोन बोटं टेकवून रेघ घालवून दाखवली. पण त्यानंतर त्यांनी टॅबला हात लावायचं सोडून दिलं.

म्हणून छापून आणायचं ठरवलं. झेरॉक्सच्या दुकानात गेले. छापून आलं तर सगळ्या वस्तू फुटून चौकोन-चौकोन झालेल्या, टमरेल कुठलं आणि चहाचा कप कुठला तेही सांगता येईना. दुकानातल्या मुलीने विचारलं, “मावशी, हे पान केवढं घेतलं होतं तुम्ही?” पानाचं माप सुरुवातीलाच ठरवायचं असतं. मी सगळी चित्रं काड्यापेटीएवढ्या पानावर काढून ठेवली होती. टॅबवर ती मोठी दिसायची, कारण मी ती दोन बोटांनी ताणून मोठी करून बघत होते. घरी येऊन सगळं पुन्हा काढलं.

दुसऱ्यांदा छापलं ते स्वच्छ आलं. लॅमिनेशन करून घेतलं आणि दोरी लावून खुर्चीला टांगलं. पण घोटाळा दुसरीकडेच झाला होता. मी टमरेल आणि तांब्या शेजारी-शेजारी काढले होते, आणि यांचा डावा हात थरथरतो. बोट दोघांच्या मधोमध पडायचं. तहान लागलीय की परसाकडे जायचंय, हे ओळखण्यात आमच्या सकाळी जायच्या. मी त्यांना धरून परसात न्यायचे, ते तिथे उभे राहून “आता, आता” करायचे, मी परत आणायचे. कधी पाणी आणायचे आणि उशीर होऊन जायचा. मग त्यांचं धोतर बदलताना ते भिंतीकडे बघत राहायचे. त्यांची ती मान वळवलेली मला अजून दिसते.

तांब्या उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवू म्हणून टॅब उघडला, तर तो सुटा हलेना. लेक म्हणाली, “वेगळ्या लेअरवर काढला होतास ना?” लेअर म्हणजे काचेवर काच ठेवल्यासारखे थर. एका थरावर एक वस्तू काढली की ती सुटी सरकवता येते. हे तिने मला सांगितलंही होतं. मी सगळा संसार एकाच थरावर काढून बसले होते. तांब्या उचलला की टमरेल त्याच्याबरोबर येत होतं. मी फोन ठेवून दिला आणि दोन दिवस टॅबचं तोंड पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी सगळा तक्ता पुन्हा काढायला घेतला. दुसरं करणार काय?

या नव्या तक्त्यात मी स्वतःला काढायचं ठरवलं.

नगरच्या तक्त्यावरची ती मोकळ्या केसांची बाई माझ्या डोक्यातून गेली नव्हती. यांना मी हवी असेन तर ते बोट कशावर ठेवणार? आमच्यात नावाने हाक मारायची पद्धत नाही. लग्नात उखाण्यात नाव घेतलं तेवढंच. पुढे “अगं”, “ऐकलं का” यांवर आमचा संसार पार पडला, आणि आता तेही गेलं होतं. मी परसात धुणं धूत असले, आणि हे ओट्यावर एकटे घसरून पडले, तर मला बोलावणार कसं? या भीतीने मी स्वतःचा चेहरा काढायला बसले.

आरशात बघत बसले. स्वतःकडे इतकं निरखून मी तरुणपणीही पाहिलं नव्हतं. अंबाडा जमला. चष्मा जमला. कपाळावरची टिकली, हनुवटीवरचा तीळ, हिरवी साडी, सगळं आलं. पण सगळं आलं तरी ती मी वाटत नव्हते. कुठल्या तरी पतपेढीच्या संचालिकेचा फोटो वाटत होता. ओठ जरा वर केले तर लबाड दिसायला लागले, खाली केले तर दुखवट्याची. किती दिवस गेले देव जाणे. लेकीने शेवटी पाहून सांगितलं, “आई, सेम टू सेम!” मी त्यावर विश्वास ठेवला, कारण तिने या वेळी भोपळा म्हटलं नाही.

नवा तक्ता छापून आला. टमरेल खाली डाव्या कोपऱ्यात, तांब्या वर उजवीकडे, आणि मधोमध मी. त्यांच्यापुढे धरून म्हटलं, “ही मी. मी हवी असले की हिच्यावर बोट ठेवा आणि तक्ता खुर्चीवर आपटा. मी येईन.” त्यांनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मान हलवली. मला वाटलं, समजलं.

त्यानंतर त्यांनी त्या चित्रावर एकदाही बोट ठेवलं नाही.

भाकरीवर ठेवलं, बाजेवर ठेवलं, पंख्यावर ठेवलं. माझ्यावर नाही. मी मुद्दाम परसात जाऊन थांबायचे, की आता तरी बोलावतील. तक्ता आपटल्याचा आवाज यायचा. मी पळत यायचे. बोट तांब्यावर असायचं. पाणी आणून द्यावं तर तोंड फिरवायचे. पुन्हा भांडी घासायला बसावं तर पुन्हा धाडधाड. पुन्हा तांब्या. पुन्हा पाणी, पुन्हा तोंड फिरवलेलं. एकदा मी चिडून तांब्या त्यांच्या ओठांना लावला आणि म्हटलं, “प्या आता! मागितलंय तर प्या!” त्यांनी डाव्या हाताने तो ढकलला. पाणी माझ्या अंगावर, तक्त्यावर, सगळीकडे. मी ओरडले. आजारी माणसावर ओरडू नये ते सगळं ओरडले. ते नुसतं “आता” म्हणाले.

नगरच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कधीकधी एकाच चित्रावर बोट अडकून बसतं. मेंदूचं तसं होतं, इलाज नाही. मी ते मान्य केलं. इलाज नाही हे ऐकायची मला तोवर सवय झाली होती.

पुढे जामखेडला माझ्या भाचीचा साखरपुडा आला. जाणं भाग होतं. यांची धाकटी बहीण, माझी नणंद, कर्जतहून दिवसभर सोबतीला आली. मी तिला तक्ता समजावून दिला, भाकऱ्या करून ठेवल्या आणि सकाळच्या जीपने गेले. साखरपुड्याच्या पंगतीला थांबलेच नाही. दुपारच्याच एसटीने मागे फिरले.

घरी आले तेव्हा ऊन उतरलं होतं. फाटकाच्या कडीला हात घातला तोच वन्संचा आवाज आला. त्या ओट्यावर उभ्या होत्या आणि लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं.

“वहिनी, लई ब्येस तक्ता केलाय तुमी! दादाचं बोट दिसभर त्या तांब्यावरनं हाललं न्हाई. मी तांब्यावर तांब्या आनला. येक घोट घेतला न्हाई, वर माझ्याच अंगावर वतला. तहान न्हाई तर मानूस पानी मागतोय कशाला?”

हे खुर्चीत बसले होते. तक्ता मांडीवर आणि बोट तांब्यावर. मी दिसले तसं त्यांनी बोट उचललं. हात मांडीवर सोडून दिला आणि हळूच म्हणाले, “आता.”

“बघा,” वन्सं म्हणाल्या, “तुमी आल्या आन् गप झाला. माझ्याशीच वाकडं हाय त्याचं.”

मी फाटकाच्या आत एक पाय टाकून तशीच उभी राहिले. ड्युटीवरून येऊन हे जिथे उभे राहून ओरडायचे, ती तीच जागा होती. तिथून ओटा दिसतो आणि स्वयंपाकघराचं दार दिसतं. त्या दारातून मी तांब्या घेऊन बाहेर यायचे. हे पाय धुवायचे, तांब्या हातात घ्यायचे, कधी एखादा घोट प्यायचे, कधी तेवढाही नाही. तांब्या ओट्यावर ठेवून सुरू करायचे, “आज करंजीच्या घाटात ट्रक आडवा झालता.” किंवा “आज तुझ्या शाळंतली येक पोरगी गाडीत हुती, बाई बऱ्या हायेत का म्हनली.” मी उभ्या-उभ्या ऐकायचे आणि आत तव्यावर भाकरी करपायची. पाणी तसंच राहायचं. संध्याकाळी मी ते तुळशीला घालायचे आणि म्हणायचे, प्यायचं नव्हतं तर मागितलं कशाला? वन्संनी आज विचारलं तेच मी वर्षानुवर्षं विचारत आले होते. पाणी म्हणजे मीच होते. त्यांनी मला इतकी वर्षं रोज हाक मारली होती, आणि इथे एकटे पडल्यावरही तीच मारत होते.

खरं सांगते, आधी मला राग आला. आरशापुढे बसून मी तीळसुद्धा मोजून-मापून काढला, आणि या माणसाच्या लेखी मी तांब्या! मग रागाबरोबर रडू आलं, आणि ते थांबेना. त्यांच्या अंगावर मी काय-काय ओरडले होते ते सगळं आठवलं. वन्सं घाबरून धावत आल्या. त्यांना वाटलं जामखेडला काहीतरी बरंवाईट झालं. मी म्हटलं, “काही झालं नाही. तुम्ही लुगडं बदला.”

लेकीला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. ती डोळे पुसून कामाला लागली. म्हणाली, “आई, सोपं आहे. नुसता तांब्या म्हणजे पाणी. आणि तू तांब्या घेऊन येतेयस असं चित्र काढ. ते म्हणजे तू. मग त्यांना दोन्ही वेगळं सांगता येईल.”

सोपं तिला असेल. तांब्या मला येत होता, मी मला येत होते, पण तांब्या धरलेला हात काही केल्या येईना. बोटं काढली की मुळ्याची जुडी व्हायची. अंगठा आत जायचा, नाहीतर तांब्याला शेपूट फुटल्यासारखा बाहेर लोंबायचा. डाव्या हातात तांब्या धरून उजव्या हाताने काढून पाहिलं. यांच्या डाव्या हातात तांब्या देऊन बघून काढायचा प्रयत्न केला, तर हात थरथरत होता आणि पाणी डुचमळत होतं. सगळे थर वेगवेगळे ठेवले, फटी बुजवल्या, पानाचं माप मोठं घेतलं. जे-जे चुकलं होतं ते सगळं सुधारलं, तरी तो हात तांब्या धरेना. शेवटी जसा आला तसा छापला.

यांनी नवं चित्र नीट बघितलं. माझ्या बोटांच्या मुळ्यांवर त्यांची नजर थांबली आणि तोंडाची एक बाजू हसली. मग त्यांनी बोट उचललं आणि पुन्हा जुन्या तांब्यावर ठेवलं.

त्यानंतर मी टॅबवर फारसं काही काढलेलं नाही. पेन चार्जिंगला लाव म्हणून लेक फोनवर आठवण करते आणि मी हो म्हणते. त्यांना तहान लागलीय की मी हवी आहे, हे मला अजून ओळखता येत नाही, आणि पुढे येईल असंही वाटत नाही. धाडधाड वाजलं की हातातलं टाकून मी तांब्या भरते, बाहेर जाते आणि त्यांच्याशेजारी बसते. कधी ते पितात. बहुतेक वेळा तांब्या ओट्यावर ठेवून सांगायला लागतात, “आता… आता, आता… आता.” कुठल्या घाटात काय आडवं झालंय कोण जाणे. मी हं हं करत ऐकून घेते, आणि त्यांचं सांगून झालं की ते पाणी मीच पिऊन टाकते.